प्रेरणेचा रकाना

तन्वीरनं कॅटलॉगचा फॉर्म पाठवलाय.
डिझाइन क्रमांक, कापड, रंग किती,
आणि तळाशी एक चौकट: प्रेरणा.
चाळीस शब्दांत, सोमवारपर्यंत.
"मॅडम, काहीतरी प्रवासाचं वगैरे टाका,
गिऱ्हाइकाला आवडतं."

एकशे सतरा नंबर, डबल बेडची चादर,
फिकट मातकट रंगावर आखूड लाल रेघा.
त्या रेघा सुगणाच्या खराट्याच्या.
बाडमेरपासून तासभर आत,
जिथं ह्यांची ड्रिलिंगवर नोकरी होती
आणि मला दोन वर्षं काहीच नव्हती,
तिथं ती रोज सकाळी अंगण झाडायची.
वाळूवरची वाळू.
पहिल्या दिवशी मी हसले.
आठव्या दिवशी चहा घेऊन खिडकीशी उभी,
रेघा उमटताना बघायला.
दहापर्यंत वारा पुसून टाकायचा सगळं.
तिची काही तक्रार नसायची.

ती खाटेवर बसून अंघोळ करी, खाली परात.
परातीतल्या पाण्यात ओढणी,
ओढणीचं पाणी खेजडीच्या बुंध्याला.
तेव्हापासून चौथा रंग मागताना
माझा हात अडखळतो.
रबाळ्याच्या कारखान्यात म्हणतात,
बाई शेठच्या स्क्रीनचे पैसे वाचवते.
म्हणू देत.

प्रवास म्हणाल तर तो रोजचाच.
नेरूळ ते रबाळे, खिडकीची जागा मिळाली तर.
तुर्भ्याला ट्रकांवरच्या ताडपत्र्या,
निळ्यावर निळं ठिगळ, त्यावर अजून एक,
आणि कुठलेच दोन निळे सारखे नाहीत.
पारसिकचा डोंगर जिथं खाणीनं कापलाय
तिथला ओला, करडा उभा काप.
त्याचा मी रंग केला, नाव दिलं "पाटा".
विकला गेला नाही.

नेरूळला आलो त्या पहिल्या संध्याकाळी
मागच्या बाजूला पाणी पडल्याचा आवाज.
सहा दहाला, भरलेल्या टाकीच्या पाइपातून,
धो धो, सरळ गटारात.
मी चप्पल न घालता खाली धावले होते.
सेक्रेटरींना अर्ज दिला, मग दुसरा,
मग त्यांनी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघणं सोडलं.

ठकूबाई म्हात्रेंनी अर्ज केला नाही.
पाइपाखालच्या हातभर मातीत
त्यांनी अळूचे चार कांदे पुरले.
पुढच्या वर्षी भिंतीपर्यंत अळू.
सहा दहाचं पाणी त्यावर पडतं,
मोठमोठ्या थेंबांत गोळा होतं, घरंगळतं,
पान कोरडंच्या कोरडं.
इथं आमच्या बापाची खाजणं होती, त्या एकदा म्हणाल्या,
जशी बस कुठल्या थांब्यावर येते ते सांगावं तशा.

एकशे वीस नंबर ते अळू.
दोनच रंग. मला फार आवडलेलं.
आठशे मीटर छापून झालं
तेव्हा एक उशीचा अभ्रा त्यांना नेऊन दिला.
त्यांनी तो ओल्या हातानं धरला नाही,
आधी पदराला हात पुसले.
मग उजेडात धरून बराच वेळ.
"शिरा बराबर.
देठ चुकलाय गो.
अळूचा देठ काठाला कदी असतो का?
तो मागनं येतो, मधी. छत्रीवानी."

चार वर्षं मी त्या पानांवरचे थेंब बघत होते.
एकही पान कधी उलटं केलं नव्हतं.

घरी येऊन चौकटीत लिहिलं:
अळूचं पान नीट बघितलं नव्हतं. पुन्हा बघते आहे.
मोजले. आठ शब्द.
पाठवून दिलं.

तन्वीरचा लगेच फोन.
"मॅडम, हे कसं चालेल? वाळवंटाचं होतं ना काहीतरी?"
मी जिन्यात होते, वही बगलेत,
सहा वाजून नऊ मिनिटं झालेली.
म्हटलं, नंतर बोलू,
आता पाणी सुटेल.